उत्तर वर आहे, बघ

विद्यानगर, हैदराबाद
३ नोव्हेंबर २०२५

अप्पाराव सर यांस,

नमस्कार तुमच्या वयाला आहे, तुम्हाला नाही.

तुमची सून माधवी परवा कुकटपल्लीहून मुद्दाम आली आणि मोठ्या कौतुकानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आत्या, बाबांचं पुस्तक येतंय! शाळेत शिकवायचे ना, ते बेट!" बिचारीला मराठी धड वाचता येत नाही. 'राखुंडी'चं तिनं 'राखी' केलं. ते बेट कोणाचं, हे तिला कोण सांगणार? मी तिला पोहे दिले, चहा दिला, आणि ती गेल्यावर चष्मा पुसून सगळी सत्तर पानं वाचली. तेव्हापासून डोकं उठलंय.

मला एक सांगा. राखुंडी देश आपण दोघांनी मिळून काढला की नाही? देगलूरजवळच्या आपल्या खळ्यात, कोळशानं, तुम्ही बारा वर्षांचे आणि मी नऊची असताना? दोघांनीही समुद्र बघितला नव्हता. गोदावरीचा पूर बघितला होता, त्यावरून समुद्र काढला. आपली काळी जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा, असं गुरुजींनी सांगितलं, म्हणून मधोमध ज्वालामुखी काढला. गुळाच्या चुलवणासारखा धुमसतो म्हणून 'थोरलं चुलवण' हे नाव मी ठेवलं, शेजारचं 'धाकटं चुलवण'ही माझंच. सगळीकडे राखच राख, म्हणून देशाचं नाव राखुंडी. तेही मीच ठेवलं, दात घासता घासता. आणि पुस्तकावर काय? 'लेखक आणि निर्माता: अप्पाराव बिरादार.' निर्माता!

बरं, चोरी केलीत ती केलीत, निदान माल तरी सरळ ठेवायचा. सबंध देश तुम्ही चतकोरभर फिरवून ठेवलाय! भिजवाडी पश्चिमेला होती. पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून यायचा, दोन्ही चुलवणांना अडायचा, भिजवाडीत कोसळायचा, आणि डोंगरापलीकडे पूर्वेला तहानवाडीत लोक आभाळाकडे बघत बसायचे. हे नऊ वर्षांच्या पोरीला कळत होतं. तुम्ही भिजवाडी दक्षिणेला नेलीत आणि तहानवाडी उत्तरेला. जयानगरच्या बंदरात रोज संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडायचा, ते बघायला मी राजधानी तिथं ठेवली होती. तुमच्या पान अठरावर तो मिठागरात बुडतो. मिठागरात!

आणि जयानगरचं 'जयनगर' केलंत. एका कान्यानं काय बिघडतं, असं वाटलं असेल. तो काना म्हणजे मी आहे.

एक डिसेंबरला पुस्तक छापायला जाणार असं माधवी म्हणाली. त्याआधी देश जागेवर आणा आणि माझं नाव घाला. तुम्ही उत्तर द्याल अशी मला आशा नाही. अठ्ठ्याहत्तर सालापासून तुमच्या एका उत्तराची वाट बघतेय, त्यात हे आणखी एक. फोन करू नका. मी तुमच्याशी बोलत नाही, ठाऊक आहे ना?

जयवंता

•

अंबरपेठ
७ नोव्हेंबर २०२५

चि. जयवंता,

आशीर्वाद पाठवतोय, नको असतील तर परत कर.

'तुम्ही' काय, 'तुम्ही'? खळ्यात मला 'अप्प्या, हौल्या, येड्या' म्हणायचीस ते विसरलीस वाटतं. आणि फोन करू नका म्हणे! केला तरी मला ऐकू येणार आहे का? कानात यंत्र घातलं की रस्त्यावरचा भाजीवाला तेवढा स्पष्ट ऐकू येतो, घरातलं कोणी नाही. अंबरपेठहून विद्यानगर, चालत अर्धा तास, आणि आपण टपालानं भांडतोय. तिकिटं घ्यायला गेलो तर पोस्टातला पोरगा पत्ता वाचून म्हणाला, "चाचा, चलके गए तो जल्दी पहुँचते." त्याला काय सांगू, की माझी बहीण अठरा वर्षं शेजारच्या मोहल्ल्यात राहते आणि लग्नकार्यात 'बरं आहे का' यापलीकडे शब्द बोलत नाही? का बोलत नाही ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायला गेलो की तू भांडी वाजवतेस.

आता बेटाचं. आपल्या मराठी शाळेत मी पस्तीस वर्षं राखुंडी फळ्यावर काढली. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे चार पिढ्या पोरं तहानवाडीवर शिकली. नदी दरी कशी कापते, लाव्ह्याच्या जमिनीत काय पिकतं, बंदर कुठं वसतं, सगळं राखुंडीवर. आता ती पोरं डॉक्टर झाली, कुणी दुकानं टाकली. बाजारात भेटली की अजून विचारतात, "सर, थोरलं चुलवण शांत आहे ना?" त्यांना काय सांगू, पोरांनो, दिशा चुकली, पुन्हा वर्गात बसा?

आणि चुकवली कोणी? हौ, तूच! खळ्यात आपण उगवतीकडे तोंड करून बसायचो, म्हणून नकाशात पूर्व वरच्या अंगाला होती, हे मला पक्कं आठवत होतं. पण जून अठ्ठ्याहत्तरमध्ये तू बोधनहून, सासरहून, माझ्या हैदराबादच्या हॉस्टेलवर चांगल्या कागदावर नकाशा काढून पाठवलास. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरात लिहिलंय: 'उत्तर वर आहे, बघ.' भूगोलात तू माझ्यापेक्षा हुशार. म्हटलं, हिनं विचार करूनच दिशा बदलली असणार. मी माझ्या आठवणीपेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्याचं हे फळ! उत्तर वर घेतल्यावर पाऊस दक्षिणेकडून आणावा लागला. त्यासाठी वेगळे वारे काढावे लागले, विषुववृत्त सरकवावं लागलं. किती परेशान झालो तुला काय माहीत. मूळ नकाशा मी अजून जपून ठेवलाय. झेरॉक्स सोबत जोडली आहे, चष्मा पुसून बघ.

कान्याची चूक छापखान्याची. ती दुरुस्त होईल. तुझ्या नावाचं म्हणशील तर प्रस्तावनेत, पान चारवर, 'या कामी माझ्या धाकट्या बहिणीचीही मदत झाली' असं वाक्य आहे. नीट वाचत जा.

आणि अठ्ठ्याहत्तर सालापासून कसलं उत्तर? तू मला काय विचारलं होतंस? मला तर काहीच आठवत नाही बुवा.

दादा

•

विद्यानगर
१० नोव्हेंबर २०२५

अप्पाराव सर,

'मदत झाली'! शेजारीण पापड लाटायला येते, तिला मदत म्हणतात. राखुंडीतल्या सोळा गावांपैकी अकरा गावं मी वसवली. ऊनपाणीतले गरम झरे माझे. काळ्या रानातून जाणारी वाट माझी. तुम्ही फक्त नद्या काढल्यात, आणि त्यातली एक डोंगर चढून जात होती, ती मी पुसली. विसरलात?

'मला काहीच आठवत नाही बुवा.' वा! विसरायला बरं असतं सगळं. माझ्या आयुष्याचं एक पान तुम्ही कोरं ठेवलंत, आणि वर मलाच विचारताय की कसलं पान? आणि पुन्हा पुरावा म्हणून झेरॉक्स पाठवताय. तुमची झेरॉक्स मी अजून उघडलेलीसुद्धा नाही. उघडते आता, म्हणजे तुमचं समाधान होईल. उत्तर वर आहे असं मी कशाला लिहीन? पूर्व वर आहे हे मला झोपेत

थांबा.

दादा, हे माझंच अक्षर आहे.

या नकाशाबरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. पिशवीत खाली नकाशा आणि वर डबा. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता. तो तुम्हाला मिळाला होता का? बाकी काही लिहू नका. एवढंच कळवा.

जयवंता

•

अंबरपेठ
१३ नोव्हेंबर २०२५

चि. जयवंता,

हे तुझं नेहमीचं. हरायला लागलीस की विषय बदलायचा. मी उत्तर दिशेचं बोलतोय आणि तू लाडवांवर गेलीस.

हौ, लाडू आले होते. तुमच्या ओळखीच्या ट्रकवाल्यानं आणून दिले. झकास झाले होते. खोलीत आम्ही चौघं, मी आणि तीन तेलुगू पोरं. संध्याकाळपर्यंत डब्याचा तळ दिसला. कागदाचं काही ठाऊक नाही. झाकणाला आतून काही चिकटलेलं होतं बहुतेक, तेलकट झालेलं. लाडवांना तूप सुटतं म्हणून लावला असशील, असं वाटलं. त्याचं काय एवढं?

आता मुद्द्याचं बोलू. मी प्रकाशक लक्ष्मणरावांशी बोललो. ते म्हणतात, बेट फिरवायचं तर अर्धं पुस्तक पुन्हा करावं लागेल. म्हणून तोडगा काढलाय. नकाशा आहे तसाच राहू दे, शेवटी एक टीप घालू: 'काही जाणकारांच्या मते भिजवाडी पश्चिमेस असावी.' जाणकार म्हणजे तू. मानाचा शब्द आहे. आता तरी खूश हो आणि होकार कळव. लक्ष्मणराव माझ्या डोक्यावर बसलेत.

जयानगरचा काना घातला आहे.

दादा

•

अंबरपेठ
२१ नोव्हेंबर २०२५

जया,

आठ दिवस झाले. होकार नाही, नकार नाही, शिवीसुद्धा नाही. तू शिवी देत नाहीस म्हणजे काहीतरी बिघडलंय. माधवी म्हणाली, आत्या फोन उचलत नाहीत. तिला पाठवलं तर तिला म्हणालीस 'मी ठीक आहे' आणि दार लावून घेतलंस. पोरगी रडवेली होऊन आली.

किती वैताग द्यायचा माणसानं? मी इथं रोज दाराशी येऊन उभा राहतो, टपालवाला पुढं निघून जातो. टीप आवडली नसेल तर टीप काढतो. 'जाणकार' नको असेल तर नाव घालतो. पण बोल तरी!

तुझं आधीचं पत्र मी पुन्हा वाचलं. मधेच वाक्य तोडलंस, ते मला आधी भांडण्याच्या भरात दिसलंच नव्हतं. तो कागद तुपासाठी नव्हता का? काय होतं त्यात? डबा पुढं कितीतरी दिवस हॉस्टेलच्या खोलीत होता. एकानं त्यात बुटाचं पॉलिश आणि ब्रश ठेवला. खोली सोडताना तो तिथंच राहिला.

कसला कागद होता, जया?

दादा

•

विद्यानगर
२३ नोव्हेंबर २०२५

दादा,

बुटाचं पॉलिश. बरं झालं सांगितलंस.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं तेच कळेना. ज्याच्याशी भांडत होते तो माणूसच मधून नाहीसा झाल्यासारखं वाटलं.

तो कागद म्हणजे पत्र होतं. तुला लिहिलेलं.

तुला माहीत नाही आमचं बोधनचं घर कसं होतं. सासूबाई नांदेडच्या. तीस वर्षं तिथं राहून तेलुगूचा एक शब्द त्यांनी तोंडात घेतला नाही. मराठी मात्र खडखडीत वाचायच्या, आणि माझं माहेरी जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या हातात जायचं. बाकी सगळं गाव तेलुगू. टपालवाला फाटकातून ओरडायचा, "अम्मा, उत्तरम्!" पत्राला तिकडे उत्तरम् म्हणतात. वर्षभरात माझ्या तोंडातही तेच बसलं. उत्तर आलं, उत्तर टाकलं. म्हणून मी युक्ती केली. पत्र झाकणाला आतून चिकटवलं, आणि नकाशावर उघड लिहिलं: 'उत्तर वर आहे, बघ.' म्हणजे पत्र वरच्या डब्यात आहे, शोध. म्हटलं, सासूबाईंना ती दिशा वाटेल आणि दादाला बरोबर कळेल. त्याच्या खोलीत तीन तेलुगू पोरं आहेत, दिवसातून दहादा 'उत्तरम्' ऐकत असेल. काय हुशार समजत होते मी स्वतःला! सासूबाईंनी वाचलं, दिशा समजल्या आणि पिशवी जाऊ दिली. तूही वाचलंस आणि दिशाच समजलास. त्यांना फसवायला केलं आणि फसलास तू.

पत्रात असं होतं. हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं. बी.ए.ला, भूगोल घेऊन. फॉर्म ह्यांनीच गुपचूप भरला होता. हे म्हणाले, "तुझा भाऊ न्यायला आला तर आईला नाही म्हणता येणार नाही. मी एकटा तिच्यापुढं कसा बोलू?" प्रवेशाची शेवटची तारीख तीस जून. मी लिहिलं होतं, दादा, तीसच्या आत मला न्यायला ये. जमणार नसेल तर तसं एका ओळीनं कळव, मी समजून घेईन.

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तीन दिवस पिशवी भरून ओसरीवर बसले. उगीच बसलेली दिसू नये म्हणून तांदूळ निवडायला घेतले. तीन दिवसांत घरातले होते नव्हते तेवढे तांदूळ निवडून झाले. सासूबाई खूश. हे कामावरून आले की आधी माझ्याकडे बघायचे, मग रस्त्याकडे. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पिशवी आत नेऊन ठेवली. त्यानंतर कॉलेजचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही. मी बालवाडीत पोरांना अ आ शिकवत राहिले.

मी काय धरून चालले माहीत आहे? की तू वाचलंस आणि गप्प बसलास. एक ओळसुद्धा लिहावीशी वाटली नाही तुला. तुझ्या लग्नात मी अक्षता टाकल्या त्या दातओठ खाऊन. माझा मुलगा 'मामाकडे जाऊ' म्हणाला की त्याला दटावलं. हे गेल्यावर मुलाकडे इथं राहायला आले, तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि अठरा वर्षांत एकदा उंबरा ओलांडला नाही. आणि आता कळतंय की तू नाही म्हणालाच नव्हतास! तुला कोणी विचारलंच नव्हतं! मग मी इतकी वर्षं रागावले कोणावर? एका शब्दावर? डब्यावर? असा संताप येतो म्हणून सांगू, आणि तो काढायला आता कोणी समोर नाही.

पुस्तकाचं मरू दे. भिजवाडी पाहिजे तिथं ने. मला एकच सांग, आणि सरांसारखं नको, भावासारखं सांग. ते पत्र तुला मिळालं असतं, तर तू आला असतास का?

जया

•

अंबरपेठ
२६ नोव्हेंबर २०२५

जया,

तीन कागद फाडले. तिन्हींवर 'आलो असतो' असं लिहिलं होतं. तिसरा पाकिटात घालून चिकटवलाही होता.

नसतो आलो.

अठ्ठावीस जूनला आमच्या वर्गाची सहल विशाखापट्टणमला निघाली. समुद्र बघायला. बावीस वर्षांचा झालो, भूगोल शिकत होतो आणि समुद्र बघितला नव्हता. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं मला. तुझं पत्र वाचलं असतं, वाईट वाटलं असतं, आणि म्हटलं असतं, परत आल्यावर बघू. परत येईपर्यंत तारीख टळली असती. मग तुला काय कळवायचं, या लाजेनं कळवलंही नसतं.

आणि सहल नसती तरी नसतो आलो. लग्न बापूंनी ठरवलेलं. मी बहिणीला सासरहून उचलून आणली असती तर बापू माझ्यामागं काठी घेऊन लागले असते, माझंच शिक्षण बंद केलं असतं. मी भ्यायलो असतो. मी आहे भित्रा, तुला माहीत आहे. खळ्यात साप निघाला तेव्हा तुला पुढं घालून मी कणगीवर चढलो होतो.

आणखी एक आहे, तेही आता लिहूनच टाकतो. सासरी जाऊन वर्ष झालेली बहीण नकाशा पाठवते, लाडू पाठवते, आणि सोबत 'खुशाल आहे' एवढीसुद्धा चिठ्ठी नाही. कुठल्याही भावाला चमत्कारिक वाटलं असतं. त्यानं डबा उलटासुलटा करून बघितला असता. निदान एक कार्ड टाकून विचारलं असतं, जया, बरी आहेस ना? मला काहीच वाटलं नाही. लाडू खाल्ले, नकाशा गुंडाळला आणि समुद्र बघायला गेलो. तिथं पहिली लाट पायावर आली तेव्हा मनात आलं, हे जयाला सांगायला पाहिजे, आपण काढला होता तसा अजिबात नाही हा. तेही सांगितलं नाही.

तेव्हा तेलुगूला दोष देऊ नकोस, तुझ्या युक्तीलाही देऊ नकोस. शब्द चुकला नसता तरी ओसरीवर तू तीन दिवस बसलीच असतीस.

लक्ष्मणरावांना सांगून छपाई थांबवली आहे. तणतणले, तणतणू देत. मुखपृष्ठावर नाव दोघांचं, तुझं आधी. ही लाच नाही, तू आता पुन्हा अठरा वर्षं बोलली नाहीस तरी नाव राहील. बेट फिरवायला बसलो होतो, पण एकट्याला जमेना. मिठागर उत्तरेला नेलं की पान अठरापासून पुढचं सगळं कोलमडतं. ऊनपाणीचे झरे आता नेमके कुठे येतात? काळ्या रानातली वाट कुठून कुठे जायची? ती तुझी होती, मला कधीच नीट कळली नाही. माझ्या जुन्या पोरांना दिशा चुकली म्हणून सांगणं माझं काम. ते मी करीन.

दादा

•

विद्यानगर
२९ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र माधवीच्या हाती देतेय. टपालावर सोडायला दिवस नाहीत.

बरं झालं खरं लिहिलंस. 'आलो असतो' असं लिहिलं असतंस ना, तर मी तुला या जन्मात माफ केलं नसतं. आठवडाभर मला तेच खात होतं, की इतक्या वर्षांचा राग मी एका शब्दाच्या घोळापायी उगीच पोसला, ज्यानं काही केलंच नाही त्याच्यावर. आता जरा मोकळं वाटतंय. राग बरोबर माणसावर होता. रडूही आलं, ते वेगळं.

समुद्राचं मात्र लागलं. मी अजून बघितलेला नाही. पुस्तकात पान सहावर तू त्याचं वर्णन केलंयस. ते वाचताना मला इतका राग आलेला असूनही वाटलं होतं की मेल्यानं लिहिलंय छान. ते पान बदलू नकोस.

बाकी सगळं बदलावं लागेल, आणि ते तुला जमणार नाही. तू नद्या डोंगरावर चढवशील. ऊनपाणी दक्षिणेला येतं, धाकट्या चुलवणाच्या पायथ्याशी. काळ्या रानातली वाट तहानवाडीतून निघते आणि खिंडीतून भिजवाडीत उतरते. पाणी आणायला जाणाऱ्या बायकांनी पाडलेली वाट आहे ती, म्हणून ती सरळ नाही. हे तुझ्या डोक्यात शिरणार नाही, मलाच समोर बसून काढावं लागेल. तुझ्याकडे मोठं टेबल आहे असं माधवी म्हणते. दोन-तीन दिवस राहावं लागेल.

पण मी आपली आपण येणार नाही. माझी सून म्हणते मी सोडते, मुलगा म्हणतो गाडी बुक करतो. दोघांनाही नक्को म्हणून सांगितलं. तू न्यायला ये. सोमवारी, सकाळी अकरा वाजता. चालत येऊ नकोस, धापा टाकशील. ऑटो कर, आणि कानातलं यंत्र घालून ये.

मी पिशवी भरून फाटकाशी खुर्ची टाकून बसते. या वेळी तीन दिवस बसणार नाही. अर्धा तास बघेन आणि आत जाऊन जेवून घेईन.

जया